एकाच मापाचं डोकं

मी एक डोकं बोलतोय. धड नाही, हात नाहीत, पोट नाही. गळ्याखाली लोखंडी चकती, चकतीतून वर आलेली नळी आणि नळीभोवती मी: रबराचा, फिकट तपकिरी, टकला, डोळे मिटलेला. नळीच्या दुसऱ्या टोकाला भाता आहे. बटण दाबलं की भाता हलतो आणि मी श्वास घेतो. मिनिटाला पंधरा. मी दमत नाही, खोकत नाही, रजा मागत नाही. आमच्या साहेबांच्या मते कामगार असावा तर असा.

मिटलेल्या डोळ्यांना काय दिसत असेल, असं म्हणू नका. ज्याच्यासमोर कुणी आवाज खाली करत नाही, त्याला सगळं दिसतं.

माझी प्रयोगशाळा एका कारखान्याच्या आवारात आहे. कारखान्यात दगड दळून पिठासारखी पांढरी भुकटी करतात. ती रंगात जाते, फरश्यांत जाते, भांडी घासायच्या पावडरीत जाते. दळायच्या विभागात पुरुष, पोती भरायच्या विभागात बायका. ही भुकटी छातीत गेली की बाहेर येत नाही. तिथेच बसते आणि फुप्फुस हळूहळू कडक होत जातं. म्हणून प्रत्येकाला रबरी मुखवटा देतात, नाकातोंडावर बसणारा, दोन्ही गालांशी गाळण्या असलेला.

मुखवटा चांगला की वाईट हे मी ठरवतो. नवा माल आला की त्यातला एक माझ्यावर चढवतात, मला काचेच्या पेटीत ठेवतात, पेटीत धूर सोडतात आणि भाता सुरू करतात. मुखवट्याच्या आत शंभरातला एक भाग धूरही शिरला नाही तर सगळा माल पास. एकोणीस वर्षांत एकही माल नापास झालेला नाही.

होईल कसा? मुखवट्याचा साचा माझ्या चेहऱ्यावरूनच काढलाय. माझ्यावरून कापायचा आणि माझ्यावरच तपासायचा. स्वतः पेपर काढायचा, स्वतः सोडवायचा, स्वतःच तपासून पैकीच्या पैकी मार्क द्यायचे, आणि वर पेढ्यांची वाट बघायची, अशातला हा प्रकार. पण त्यावर तीन शिक्के आहेत, त्यामुळे त्याला विज्ञान म्हणतात.

माझा जन्म साहेबांच्या चेहऱ्यातून झाला. ते तेव्हा तिशीत होते आणि आरशात बघायची त्यांना आवड होती. मुखवट्यासाठी एक सर्वसाधारण चेहरा हवा होता. त्यांनी प्रयोगशाळेतल्या चौदा जणांची तोंडं मोजली. अकरा पुरुष, तीन बायका. अकरा पुरुषांचे आकडे एका रेषेत छान बसले. बायकांचे तीन आकडे खाली घसरून पडले आणि आलेख वाकडा दिसायला लागला. साहेबांनी त्या तिन्हींवर लाल पेन्सिल फिरवली आणि प्रत्येकीच्या शेजारी लिहिलं, ‘अपवाद’. ती वही आजही माझ्या फळीवर आहे. बायका काढल्यावर जी सरासरी आली, तिच्या सगळ्यात जवळ कोणाचा चेहरा असावा? साहेबांचाच. ते टेबलावर आडवे झाले, नाकात दोन नळ्या घातल्या, तोंडावर प्लास्टर थापलं गेलं आणि चाळीस मिनिटांनी मी साच्यात उतरलो. उठल्यावर ते म्हणाले, “विज्ञानासाठी माणसाला त्रास सोसावा लागतो.” त्यांनी आयुष्यात सोसलेला त्रास तेवढाच.

त्या तीन अपवादांपैकी एक होती टायपिस्ट, एक झाडलोट करणारी आणि तिसरी नुकतीच लागलेली मदतनीस. पुढे टायपिस्ट गेली, झाडलोट करणारी गेली, मदतनीस राहिली. माझ्यावर मुखवटा चढवायचा, धूर मोजायचा, आकडा लिहायचा, हे सगळं तीच करायची. कारखाना तिला मापवाली म्हणायचा. तिचा हात इतका स्थिर होता की काट्यावर ठेवलेली चिमूटसुद्धा हलायची नाही. एकोणीस वर्षांत तिने एकही आकडा खोटा लिहिलेला नाही, हे मी माझ्या रबराची शपथ घेऊन सांगतो.

तिची धाकटी बहीण सात वर्षांपूर्वी पोती भरायच्या विभागात लागली. दुपारी डबा घेऊन ती ताईकडे प्रयोगशाळेत यायची. पहिल्याच दिवशी माझ्याकडे बोट करून म्हणाली, “ताई, हे कोण गं?”

“ह्याला मुखवटा बसला की सगळ्यांना बसला, असं धरतात.”

“म्हणजे जावईच की. त्याला रुचलं की घरात सगळ्यांनी गोड मानून घ्यायचं.”

तेव्हापासून अख्खा विभाग मला जावई म्हणतो. बायकांच्या अंगावर मुखवटा भिरकावला गेला की त्या म्हणायच्या, “जावयाला झाला ना, मग आम्ही कोण बोलणारे?”

माझ्या फळीसमोर खिडकी आहे आणि खिडकीबाहेर हातपाय धुवायचे नळ. शिफ्ट सुटली की सगळे तिथे मुखवटे काढतात. मुखवटा नीट बसला असेल तर आतलं तोंड स्वच्छ निघतं. बसला नसेल तर नाकाखाली आणि हनुवटीवर भुकटीची पांढरी रेघ उठलेली असते. त्या रेघेला बायकांनी नाव ठेवलं होतं, मिशी.

“अगं, तुला मिशी फुटली बघ.”

“तुला तर दाढीसकट आलीय.”

“नवऱ्याला सांगून ठेव, आता घरात दोन कर्ते पुरुष झाले.”

आणि मग त्या हसत हसत मिश्या धुऊन टाकायच्या. मी खिडकीतून बघायचो. मला आधी गंमत वाटली, हे कबूल करतो. माझा चेहरा तर नेहमीच स्वच्छ निघायचा.

धाकटीला मिशी रोज यायची. सहाव्या वर्षी तिला खोकला लागला. सातव्या वर्षी प्रयोगशाळेच्या आठ पायऱ्या चढून आली की ती डबा उघडण्याआधी टेबल धरून उभी राहायची. कारखान्याच्या डॉक्टरांनी तिला नळीत फुंकायला लावलं आणि कागद बघून म्हणाले, “बाईच्या मानाने ठीक आहे.” मग विचारलं, घरात काही कटकट आहे का, झोप लागते का, मूल कधी होणार आहे. छातीला सोडून सगळीकडे चौकशी झाली.

त्या दिवशी मापवालीने डबा तसाच मिटला आणि वही काढली.

तीन आठवडे ती खिडकीशी उभी राहून मिश्या मोजत होती. शिवाय दुपारी नळावर जाऊन तिने प्रत्येकाचं तोंड मोजलं, नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंत. एकशे तीन माणसं. एक्केचाळीस बायकांपैकी तेहतीस जणींना आठवड्यातून निदान तीनदा मिशी. बासष्ट पुरुषांपैकी पाच जणांना. आणि ते पाचही पुरुष लहान चणीचे. म्हणजे गोष्ट बाई की पुरुष ही नव्हतीच. तोंड जितकं आखूड, तितकी मिशी दाट. इतका सरळ आलेख मी त्या प्रयोगशाळेत पाहिलेला नाही, साहेबांनी पेन्सिल फिरवून सरळ केलेलासुद्धा.

ती वही घेऊन ती साहेबांपुढे उभी राहिली. मी मधल्या टेबलावर होतो.

“हे काय, बाई?”

“मोजणी आहे, साहेब.”

“कशाची?”

“मिश्यांची.”

साहेबांनी शेजारच्या खोलीतल्या हिशेबनिसालाही हाक मारून बोलावलं. एकट्याने हसण्यात मजा नसते. “मिशी हे एकक कधीपासून झालं हो?”

“एकक नाही, खूण आहे. भुकटी आत शिरल्याची. लहान मापाचा एक साचा केला तर महिन्याभरात—”

“तुमची बहीण आहे ना तिथे?”

“आहे.”

“मग तुम्ही तटस्थ नाही. विज्ञानात आपला माणूस मध्ये आणायचा नसतो.”

हे वाक्य ते स्वतःच्या रबरी तोंडासमोर उभं राहून बोलले, आणि त्यांना ते जराही खटकलं नाही.

साहेबांकडे कारण तयार होतं. बायका काम करताना बोलतात, बोलल्याने जबडा हलतो, जबड्याने मुखवटा सुटतो. दोष मुखवट्याचा नाही, गप्पांचा. दुसऱ्या दिवशी पोती भरायच्या विभागात नोटीस लागली: पंधरा दिवस कोणी एक शब्द बोलायचा नाही. मुकादम काठीसारखा उभा. बायका पंधरा दिवस खुणा करत पोती भरत होत्या. एकीच्या पायावर पोतं पडणार होतं, शेजारणीने ओरडायच्या ऐवजी तिला ढकललं आणि दोघी पडल्या. मिश्या जशा होत्या तशाच राहिल्या. तेहतीसच्या चौतीस झाल्या.

साहेबांनी निष्कर्ष लिहिला: ‘सूचना पाळली गेलेली दिसत नाही.’

आता सांगा. बोलून मिशी आली तर बोलल्यामुळे आली. न बोलता आली तर चोरून बोलल्यामुळे आली. ज्या अनुमानाला कुठलाच पुरावा खोटं ठरवू शकत नाही, त्याला ज्ञान म्हणतात की हट्ट? मी रबराचा आहे, पण एवढं मलाही कळतं.

धाकटीने मग स्वतःच मार्ग काढला. जुन्या सुती ओढणीची पट्टी शिवून ती मुखवट्याच्या कडेला हनुवटीखाली बसवली. चार दिवसांत तिची मिशी अर्ध्यावर आली. आठवड्याभरात विभागातल्या वीस मुखवट्यांना पट्ट्या लागल्या. मापवालीने तेही वहीत लिहिलं: पट्टी असलेल्या, पट्टी नसलेल्या. पट्टीने काम होत होतं.

नवव्या दिवशी साहेब फेरीला आले. त्यांनी एक मुखवटा उलटा करून पाहिला. “प्रमाणित उपकरणात फेरफार,” ते म्हणाले. मुकादमाने कात्री घेऊन वीसही पट्ट्या कापल्या. पहिला मेमो धाकटीला मिळाला. कापलेल्या पट्ट्या एका पिशवीत भरून प्रयोगशाळेत आणल्या आणि माझ्या शेजारी ठेवल्या. पिशवीवर चिठ्ठी होती: ‘गैरवापराचे नमुने.’

तेव्हा मापवालीने गोष्ट कारखान्याबाहेर नेली. तिने आपल्या वहीची नक्कल, त्यावरून काढलेले तीन आलेख आणि धाकटीचा बदलीचा अर्ज जोडून सरकारी कारखाना तपासनिसांच्या कार्यालयाला पत्र पाठवलं. मागणी दोनच: बायकांवर मुखवट्याची चाचणी करा, आणि तोवर माझ्या बहिणीला भुकटीपासून दूर, गोदामाच्या नोंदीवर बसवा. धाकटीची सगळी आशा त्या अर्जावर होती. ती डबा खाताना विचारायची, “उत्तर आलं का गं?” आणि घास गिळायला तिला आधी श्वास जमवावा लागायचा.

तपासनीस आले. सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट, लिहून घ्यायची सवय. साहेब त्यांच्यापुढे अगदी मऊ झाले. “बायकांवर चाचणी हवी ना? करू की. आम्ही काही जुन्या विचारांचे नाही.”

चाचणीच्या आदल्या दिवशी साहेबांनी काय केलं ते फक्त मी पाहिलंय. त्यांनी मोजपट्टी घेऊन माझं तोंड मोजलं, आकडा तळहातावर लिहिला आणि शिफ्ट सुटताना खिडकीशी उभे राहून नळावरच्या बायका न्याहाळत राहिले. मग एकीला बोलावून घेतलं. तिला सगळे पहिलवान म्हणायचे. पुरुषभर उंची, रुंद गाल, लांब हनुवटी. अख्ख्या विभागात तिच्यासारखं तोंड दुसरं नव्हतं. मापवालीच्या वहीत तिच्या नावापुढे मिशीच्या रकान्यात तीन आठवडे शून्य होतं.

चाचणीच्या खोलीत तिला खुर्चीवर बसवलं, मुखवटा चढवला. ती मुखवट्याआडून म्हणाली, “साहेब, मला कशाला? मला मिशी येतच नाही. ह्या बारक्यांना बसवा की.”

“शांत बसा. मुखवटा हलतो,” साहेब म्हणाले.

मापवाली पुढे झाली. “साहेब, माझ्या बहिणीला बसवा. दहाच मिनिटं लागतील. ती दाराशी उभी आहे.”

साहेबांनी चष्मा काढला. आवाजात कळवळा आणला. “बाई, ती आजारी आहे. आजारी माणसावर प्रयोग करणं नीतीला धरून नाही. हे मी होऊ देणार नाही.”

तपासनिसांनी मान डोलावली. मला वाटतं त्यांना साहेबांचं कौतुक वाटलं. सात वर्षं त्याच बाईवर रोज आठ तास प्रयोग चालला होता, पण त्याची नोंद कोणी ठेवत नव्हतं, म्हणून तो प्रयोग नव्हता.

धूर सोडला. मोजला मापवालीनेच, कारण तिच्याइतका स्थिर हात कोणाचा नव्हता. आकडा आला शंभरात शून्य पूर्णांक सहा. पास.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. “आकडा तुम्हीच मोजलाय. खोटा आहे का?”

“खरा आहे.”

“मग सही करा.”

“एक शेरा लिहायचाय. ही एकच बाई होती, आणि हिचं तोंड ह्या डोक्याएवढंच आहे.”

“शेऱ्याला रकाना नाही.”

तपासनिसांनी घड्याळ पाहिलं. आकडा खरा होता, आणि खऱ्या आकड्याखाली सही करायची तिला एकोणीस वर्षांची सवय होती. तिने सही केली. हात तेव्हाही हलला नाही. मी तिला त्याबद्दल माफ केलेलं नाही, पण मला काय, मी माणूस कुठे आहे.

बारा दिवसांनी उत्तर आलं. वर एक ओळ: ‘महिला कामगारांवरील चाचणी यशस्वी.’ खाली दुसरी: ‘मुखवटा महिलांनाही योग्य असल्याचे सिद्ध झाल्याने बदलीच्या अर्जाचे कारण उरत नाही.’ सोबत चाचणीचा कागद.

धाकटीने तो डब्याच्या झाकणाशेजारी ठेवून वाचला. हळूहळू, बोट फिरवत.

“ताई, खाली सही तुझी आहे.”

“आकडा खरा होता गं.”

“हो ना. तू खोटं कशाला लिहिशील.”

तिने पोळी मोडली, भाजीला लावली, खाल्ली. ताईला म्हणाली, “खा, गार होतंय.” त्यानंतर ती डबा घेऊन कधी वर आली नाही. लोकांनी विचारलं तर म्हणायची, पायऱ्या चढवत नाहीत. ते खरंच होतं, म्हणून ताईला त्यावर काही बोलता यायचं नाही.

ती आणखी आठ महिने पोती भरत होती. त्यातला शेवटचा महिना बसून. मग एक दिवस तिची जागा रिकामी दिसली आणि तिसऱ्या दिवशी नळावर बायका कुजबुजत तोंडं धुऊन निघून गेल्या. त्या दिवशी मिश्यांवर कोणी थट्टा केली नाही. कारखान्याच्या कागदावर लिहिलं गेलं, ‘मृत्यू श्वसनविकाराने, कारण अनिश्चित. सुरक्षा उपकरण: प्रमाणित.’

मापवाली अकराव्या दिवशी कामावर आली. तिने कपाटातून बहिणीचा मुखवटा मागून घेतला, कडेच्या आतला भाग ब्रशने झाडला आणि निघालेली भुकटी काट्यावर ठेवली. चाळीस मिलिग्रॅम. ही नुसती कडेला अडकून राहिलेली. आत गेलेली मोजायला आता कुणी नव्हतं.

कागदावर आकडा लिहून तो तिने साहेबांच्या टेबलावर ठेवला. मी तिथेच होतो; त्या सकाळी नवा माल आला होता आणि माझ्या तोंडावर मुखवटा होता.

साहेबांनी कागद वाचला. या वेळी ते हसले नाहीत. “बाई, मला दुःख आहे. पण हा एकच नमुना आहे. एका नमुन्यावरून काही सिद्ध होत नाही, हे तुम्हाला मी शिकवायला नको.”

मापवालीने माझ्याकडे बोट केलं. “साहेब, हेही एकच आहे.”

खोलीत फक्त माझा भाता चालू होता. मिनिटाला पंधरा. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, स्वतःच्या तरुण चेहऱ्याकडे. मला वाटलं, आता याच्या डोक्यात प्रकाश पडेल. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मला माझी लाज वाटली, आणि एखाद्याच्या तोंडून ती लाज बोलली जावी असंही वाटलं.

“ते प्रमाण आहे,” साहेब म्हणाले. “हा नमुना आहे. फरक समजून घ्या.”

मग त्यांनी चाळीस मिलिग्रॅमचा कागद फायलीत लावला. पहिल्या पानावर त्यांनी एकच शब्द लिहिला. तो तुम्हाला माहीत आहे, एकोणीस वर्षांपूर्वी लाल पेन्सिलीने तीन वेळा लिहिलेला. लिहून झाल्यावर त्यांनी बटण बंद केलं आणि माझा श्वास थांबवला. माल पास झाला होता.

मापवाली अजून इथेच आहे. मुखवटा चढवते, धूर मोजते, आकडा लिहिते. फक्त आता ती प्रत्येक आकड्यापुढे, रकाना नसताना, समासात बारीक अक्षरात लिहिते: कोणाच्या तोंडावर मोजलं. साहेब दर शनिवारी तो समास खोडतात. ती सोमवारी पुन्हा लिहिते.

मला फोडून टाका, असं मी सांगणार नाही. त्याने काही होणार नाही. साचा त्यांच्याकडे आहे, दुपारपर्यंत दुसरा मी तयार होईल. मला हवंय ते वेगळंच. माझ्या शेजारी आणखी डोकी आणून ठेवा. आखूड तोंडाची, बारीक हनुवटीची, रुंद नाकाची, म्हातारी, कोवळी. ज्यांना मिश्या येतात त्यांची. फळी लांब आहे, मी मोजलीय. पन्नास डोकी आरामात मावतील.

सध्या त्या जागेत साहेबांना मिळालेली मानचिन्हं ठेवली आहेत.